कुरडईपुरतं ऊन

"...तर मग पुरेल का नाही, एवढं एकच सांगा बाबा."

मोतीगिरबाबा हरभऱ्याच्या डाळीतले खडे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोनाला?"

"जगाला."

"काय?"

"ऊन, बाबा. सूर्य. सगळ्या जगाचे दिवे, गिरण्या, गाड्या, कारखाने नुसत्या उन्हावर चालतील का, असं विचारतोय मी."

बाबांना एक खडा सापडला. तो त्यांनी उजेडात धरून नीट पाहिला, "दिसतो डाळीसारखाच, लबाड," म्हणाले आणि मागं भिरकावला. मागं मी होतो. मठात तीस वर्षं मी त्यांच्या मागंच आहे.

विचारणाऱ्याचं नाव डॉक्टर निशिकांत कळंबकर. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे, पुस्तकं टोचणारा. सहा वर्षं जर्मनीत राहून सूर्य शिकून आला होता. आता बघा, आमच्या उंबरझिऱ्याच्या मठात सूर्य आयता डोक्यावर असतो, आणि हा गडी तो शिकायला गेला कुठं, तर जिथं सहा महिने आभाळ! पण हुशार होता. खोटं कशाला बोलू?

त्याच्या आईला याच मठाचा अनुग्रह होता. अनुग्रह म्हणजे गुरूनं शिष्याच्या उजव्या कानात मंत्र सांगायचा. आई गेली, आणि तेव्हापासून हा दर चैत्रात यायचा, बाबांपुढं बसायचा आणि म्हणायचा, मलाही द्या.

बाबा म्हणायचे, "जेवून जा."

हे त्याचं तिसरं वर्ष.

"उत्तर तर तुझ्यापाशी दिसतंय, डॉक्टर," बाबा म्हणाले. "मग इचारतोस कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"म्हंजे उत्तर तुझं, तोंड तेवढं माझं."

मी हसलो. डॉक्टर हसला नाही. त्यानं पिशवीतून कागदांची एक गुंडाळी काढली.

"बाबा, सूर्य पृथ्वीवर तासाभरात जेवढं ऊन ओततो ना, तेवढ्यावर साऱ्या जगाचं वर्ष निघतं. एका तासात! हे मी भक्तिभावानं म्हणत नाही, मोजून सांगतो."

बाबांचा हात डाळीत थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक आलं की सूर्य जणू त्यांचाच नातू आणि पहिल्या नंबरानं पास झाला.

"एका तासात... अन् बाकीचे तास?"

"बाकीच्या तासांचं ऊन वाया जातं."

"...वाया?"

समोर दोरीवर बाबांची भगवी छाटी वाळत होती. बाबांनी छाटीकडं पाहिलं. मग डॉक्टरकडं पाहिलं. छाटी बिचारी काही बोलली नाही.

"हे बघ," बाबा म्हणाले, "जगाची अन् माझी वळख न्हाई. या मठाची हाय. मठाला पुरवून दाव. येत्या पुनवंपास्नं पुढच्या पुनवंपर्यंत. बोर्डाची तार तोडायची. पुरलं, तर देतो अनुग्रह."

डॉक्टरचा चेहरा उजळला.

"आणि नाही पुरलं तर?" हे मी विचारलं. असले प्रश्न मलाच सुचतात.

"तर ह्यानं फिरून इचारायचं न्हाई. कधीच."

डॉक्टरनं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठला तेव्हा कपाळाला डाळ चिकटली होती. मी सांगितलं नाही. दिवसभर तसाच फिरला.

*

मठात वीज लागते कशाला? विहिरीची मोटर. पिठाची चक्की. कीर्तनाचा भोंगा. सतरा दिवे. आणि एका भक्तानं दिलेला फ्रिज, ज्यात बाबांच्या खोकल्याचं औषध सोडून काही नसायचं.

आठ दिवसांत ट्रक आला. उन्हाची वीज करणाऱ्या छत्तीस प्लेटा, आणि ती रात्रीपुरती साठवायला बॅटऱ्या. मठाच्या गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत त्यानं त्या स्वतः बसवल्या. मजूर होते, पण प्रत्येक नटबोल्ट याच्याच हातचा. हातांची सालपटं निघाली. पिंपळाची सावली कुठं किती वाजता पडते, ते त्यानं खडूनं फरशीवर आखलं. मी म्हणालो, "डॉक्टर, पिंपळ तुम्हाला विचारून वाढणार नाही." तो म्हणाला, "म्हणून तर मी त्याला विचारतोय." उत्तर आवडलं मला.

पुनवेला वायरमननं तार तोडली. तिन्हीसांजेला सतरा दिवे एका दमात लागले. खालच्या वस्तीतले लोक बघायला आले. म्हातारे प्लेटांना हात जोडत होते. विजेचं मीटर भिंतीवर मुकं होऊन लटकलं होतं.

बाबांनी एकेक दिवा पाहिला आणि म्हणाले, "झकास."

बाबांच्या तोंडून झकास हा शब्द मी त्याआधी एकदाच ऐकला होता, आणि तो एका म्हशीबद्दल होता. तेव्हा काय ते समजा.

अर्धा महिना असा गेला. मोटर चालली, चक्की चालली, भोंगा तर नको इतका चालला. डॉक्टर रोज वहीत आकडे लिहायचा आणि शीळ घालायचा.

एकच गोष्ट तो विसरला होता.

गच्ची कशासाठी आहे, हे त्यानं कोणाला विचारलं नव्हतं.

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. अहो, सांगितलं असतं तर ही गोष्ट घडली असती का?

*

मठाचं स्वयंपाकघर सरूआक्काच्या हातात. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. अक्षय तृतीया झाली तशी परत आली आणि थेट गहू भिजवायला बसली.

कारण पावसाळ्यात मठाखालचा ओढा भरतो. रस्ता तुटतो. भाजीवाला येत नाही. वस्तीवरची शाळेची पोरं आणि अडकलेले वाटसरू मठातच जेवतात. ते चार महिने पंगत चालते ती वाळवणावर. कुरडया, सांडगे, शेवया. आणि वाळवण घालायचं ते मठाच्या गच्चीवर. कठड्यापासून कठड्यापर्यंत. ही रीत सरूआक्काच्या सासूच्याही आधीची.

गहू तीन दिवस भिजले. वाटले. चीक काढला. चौथ्या दिवशी पहाटे आठ बायकांनी तो पातेल्यात घोटून शिजवला. शिजलेला चीक थांबत नसतो. गरम आहे तोवर सोऱ्यात भरून पिळायचा, नाहीतर गोळा होऊन बसतो. मग बाबा आले काय आणि देव आला काय, त्याला कोणी हलवू शकत नाही.

गच्चीवर बाबांनी वाळवणासाठी काचेचे ओटे बसवून घेतले आहेत, असं आक्काला आदल्या दिवशी कोणीतरी सांगितलं होतं.

कोणी, ते विचारू नका.

*

सकाळी नऊ वाजता चक्की घरघरत थांबली. मग मोटर थांबली. डॉक्टर खोलीतून धावत आला. बॅटऱ्या बघितल्या, वायरी बघितल्या, पेट्यांची दारं उघडली. बाहेर तर सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं. आणि आकडा शून्याजवळ.

"अशक्य," तो म्हणाला.

आणि जिन्यानं वर पळाला. मागून मी. या वयात दोन दोन पायऱ्या.

वर छत्तीस प्लेटांवर धुतलेली जुनी लुगडी अंथरली होती. लुगड्यांवर कुरडया. गोल. पांढऱ्याशुभ्र. रांगेत. वाफाळत्या.

डॉक्टर जिन्याच्या तोंडाशीच थबकला.

"या सायब, या!" सरूआक्का हातातला सोऱ्या न थांबवता म्हणाली. "केवढं मायेचं काम केलंत ओ! न्हाईतर दरसाली फरशीवर बसून गुडघं ढिलं व्हायचं. आता हुबं ऱ्हाऊन पिळायचं. धूळ न्हाई, मुंगी न्हाई. थोडा उतार हाय, पर कुरडई चिकट, जाती कुठं?"

"देव तुमचं भलं करो," दुसरी बाई म्हणाली.

"आक्का..." डॉक्टर पुढं झाला. "आक्का, हे ओटे नाहीत!"

"मग काय हाय?"

"प्लेटा आहेत! वीज होते त्यांच्यावर! ऊन लागायला पाहिजे त्यांना!"

"आन् कुरडईला काय चांदनं लागतंय?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी तोंडावर उपरणं धरलं.

"काढा हे," डॉक्टर म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

आक्काचा सोऱ्या थांबला.

"काढा म्हंजे? वली हाय ती. हात लावला की लगदा. चार पायल्या गहू हायेत ह्ये. पोरान्ला आषाढात काय घालू, तुमचं नटबोल्ट?"

"मग मी वीज कुठून आणू?"

"मग मी ऊन कुठनं आनू?"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मध्ये वाफ निघत होती.

जिन्यात खोकला ऐकू आला. बाबा वर येत होते. एकेक पायरी, दर पायरीला विश्रांती.

"बाबा!" डॉक्टर ओरडला. "यांनी माझं ऊन घेतलं!"

बाबा शेवटच्या पायरीवर टेकले. दम खाल्ला.

"तुझं?"

डॉक्टरनं प्लेटांकडं हात केला.

"कधीपास्नं?"

डॉक्टर लालेलाल झाला. उन्हानं म्हणावं तर अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. लांबून. मी पिंपळाकडं बघायला लागलो.

"बाबा, वाळायला किती दिवस लागतील?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन," आक्का म्हणाली.

"तीन दिवस मठाला वीज नाही, म्हणजे पुरलं नाही. पैज मी इथंच हरतो."

"तुझी पैज तू बघ," बाबा म्हणाले. "चीक तिचा ती बघंल. काढायचं तर तुझ्या हातानं काढ. तुला कोनी आडवत न्हाई."

डॉक्टर पहिल्या प्लेटेपाशी गेला. लुगड्याचं टोक धरलं. वरची कुरडई अजून ओली होती, तिचे तार चकाकत होते. तीन वर्षं ज्यासाठी फेऱ्या मारल्या, ते या लुगड्याच्या टोकाला बांधलेलं होतं. ओढलं की पैज वाचत होती.

बायकांचं हसू ओसरलं. माझंही. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

...

डॉक्टरनं लुगडं सोडलं. एक सुरकुती पडली होती, ती बोटानं सरळ केली.

"आक्का," तो म्हणाला, "कोपऱ्यातल्या त्या प्लेटेवर अजून जागा आहे. तिथंही मावतील दहाबारा."

बाबांनी भिंतीला टेकलेली काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"वाळवनाला राखन लागती. बस."

*

तीन दिवस तो माणूस गच्चीवर बसला. जर्मनीत शिकलेला, डोक्यावर काळी छत्री, मांडीवर काठी. कावळे हाकलायचा. खारी हाकलायचा. एक कावळा मोठा पक्का होता. तो डॉक्टरच्या छत्रीवरच येऊन बसायचा, म्हणजे काठी पोचायची नाही.

मोटर बंद होती, म्हणून पहाटे उठून विहिरीचं पाणी तोच पोहऱ्यानं शेंदायचा. हाताची सालपटं आता दोन थरांची झाली.

मी त्याला सांगितलं, "डॉक्टर, कुरडईकडं पाठ करून बसायचं नसतं. रुसते. वाळत नाही."

तर तो दिवसभर तिच्याकडं तोंड करून बसला! एवढं शिकलेलं माणूस इतकं भोळं असावं? माझ्या पोटात हसून हसून कळ आली.

पण तोंड करून बसला, म्हणून तो बघत राहिला. कुरडया कुठल्या आधी वाळतात. ऊन भरभरून कधी येतं आणि हात आखडता कधी घेतं. आक्का दुपारी बारानंतर वर येऊन सगळ्या उलटते, आधी नाही. सूर्य तिला विचारून येत नाही. तीच तिची कामं घेऊन त्याच्याकडं जाते.

हे सगळं तो वहीत लिहायचा. आकडे नव्हते त्यात.

दुसऱ्या दिवशी त्यानं आक्काला विचारलं, "एवढ्या कुरडया चार महिने पुरतात?"

"पुरवायच्या," आक्का म्हणाली.

"माझी आई पाठवायची मला. जर्मनीला. दरवर्षी एक डबा."

"कोन तुमची आई?"

"कुमुद कळंबकर."

आक्कानं उलटायची कुरडई हातातच धरली. "कुमुदताई? आगं बया! या कोपऱ्यात बसायच्या की त्या. बारीक तार पाडायच्या, केसावानी. 'माझ्या निशाला धाडायच्यात,' म्हनायच्या. मंग त्यो डबा हितलाच म्हना."

डॉक्टर त्या कोपऱ्याकडं बघत राहिला. तिथं त्याचीच प्लेट होती.

"शेवटचा डबा तसाच आहे," तो म्हणाला. "उघडला नाही मी अजून."

छत्रीवर कावळा येऊन बसला. त्या वेळी त्याला कोणी हाकललं नाही.

मी खाली आलो आणि बाबांना म्हणालो, "पैज तर मोडली. तीन दिवस वीज नाही. कशाला बसवता त्याला?"

"पुनव आली का?"

"नाही."

"मग?"

*

कुरडया डब्यात गेल्या. डॉक्टरनं पाना घेतला आणि गच्चीवरच्या बारा प्लेटा स्वतः उतरवल्या. चार गोठ्याच्या पत्र्यावर बसल्या. आठ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. मोकळ्या झालेल्या फरशीवर त्यानं खडूनं लिहिलं: वाळवण. मग सांडगे तिथं आले, शेवया तिथं आल्या.

साहजिकच वीज कमी पडायला लागली.

तेव्हा त्यानं भिंतीवर एक कागद लावला. मोटर फक्त भर दुपारी. टाकी काठोकाठ भरून ठेवायची. चक्की भर दुपारी. दळण आठवड्याचं. फ्रिज बंद, खोकल्याचं औषध माठाच्या सावलीला. भोंगा बंद. कीर्तनकारबुवा रागावले. बाबा म्हणाले, "बुवा, तुमचा आवाज तसाबी दोन शेतं जातोय." बुवांना ही स्तुती वाटली.

सगळं पुन्हा मार्गी लागलं. डॉक्टर पुन्हा शीळ घालायला लागला, पण आता हळू.

आणि पुनवेला दोन दिवस राहिले असताना आभाळ आलं.

पाऊस नाही. नुसतं आभाळ. काळं, जाड, घोंगडीसारखं. पहिल्या दिवशी दिवे मंद झाले. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे पुनवेच्याच दिवशी, मठात भर दुपारी वात लावायची पाळी आली. जवळजवळ महिनाभर डौलात उभ्या असलेल्या प्लेटा आभाळाकडं बघत होत्या, आणि आभाळ त्यांच्याकडं बघत नव्हतं.

डॉक्टर पिशवी भरूनच बाबांपुढं आला.

"हरलो, बाबा."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "हं."

"ठरल्याप्रमाणे पुन्हा विचारणार नाही. निघतो."

"पानी होतं का रं तीन दिवस?"

"होतं. टाकी भरलेली होती."

"पीठ?"

"आठवड्याचं दळलेलं आहे."

"पंगत उठली?"

"उठली."

"मग?"

डॉक्टरनं मान हलवली. मला वाटलं, आता हा बाबांच्या बोलण्यावर भाळणार. पण गडी पक्का. त्यानं खरं ते सोडलं नाही.

"नाही बाबा. तुमच्या मायेनं मी जिंकत नसतो. मठ वाट बघत थांबेल. चक्की दुपारपर्यंत थांबेल. पण दवाखान्यात कोणाचा श्वास यंत्रावर चाललेला असतो. तो आभाळ जायची वाट बघत थांबेल का?"

बाबा सरळ होऊन बसले.

"न्हाई थांबनार," ते म्हणाले. हळू. "खरंय तुझं. तिथं दिवा गेला तर कसं चालंल?"

...

सरूआक्का दारात उभी होती. तिनंही मान खाली घातली. मी एक चांगला विनोद तयार ठेवला होता, तो गिळला.

मग बाबा म्हणाले, "सरू. तेल तापलंय का?"

"कवाचं."

आक्का आत गेली. चर्र आवाज झाला. परातीत तळलेल्या कुरडया घेऊन आली. तेलात पडली की कुरडई कशी फुलते, तुम्हाला ठाऊकच आहे. वाळवताना तळहाताएवढी, तळल्यावर ताटाएवढी. त्या अंधारलेल्या खोलीत त्या परातीचाच उजेड पडल्यासारखा झाला.

बाबांनी एक कुरडई उचलली.

"हिकडं ये. उजवा कान."

डॉक्टरला कळलं नाही. मग कळलं. पिशवी हातातून सुटली. तो गुडघ्यावर बसला, मान वाकवली, कान पुढं केला. आक्कानं पदर डोक्यावर घेतला. मीही टोपी सरळ केली. तीस वर्षांत बाबांनी कोणाला अनुग्रह दिलेला मी चारदा पाहिला आहे. त्या वेळी मठातल्या पाली पण गप्प असतात.

बाबा वाकले. ओठ कानाशी नेले नाहीत. हात नेला.

आणि कुरडई मोडली.

कुर्रर्र.

चुरा डॉक्टरच्या खांद्यावर सांडला.

"हे," बाबांनी विचारलं, "कुठल्या दिसाचं ऊन?"

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं. बाहेर आभाळ तसंच होतं, काळं.



मग त्यानं खांद्यावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. चावला. डोळे भरले, पण चावायचं थांबवलं नाही.

"घरी एक डबा आहे, बाबा."

"हं."

"जाऊन उघडतो."

"उघड. अन् रिकामा झाला की घिऊन ये. सरू भरून दील."

आक्का माझ्या कानाशी आली. "झाला का वो अनुग्रह?"

"मला काय ठाऊक? माझ्या नाकापर्यंत तर तेलाचा वास आला."

डॉक्टर उठला. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. कपाळाला या वेळी कुरडईचा चुरा लागला. हे मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. पण तो इतका देखणा दिसत होता, की राहू दिलं.

उंबऱ्याशी जाऊन तो थांबला. वळला. फिरून विचारायचं नाही, असं ठरलं होतं. पण ते अनुग्रहाचं. हा प्रश्न वेगळा होता. पहिलाच होता.

"आणि जगाला, बाबा? ...जगाला पुरेल?"

बाबांनी दुसरी कुरडई उचलली होती. ती त्यांनी उजेडाकडं धरली, होता नव्हता त्या उजेडाकडं, आणि तिच्या तारांतून बाहेरचं आभाळ पाहिलं.

"ऊन? ऊन पुरून उरंल."

मग ती कुरडई माझ्या हातात देऊन म्हणाले,

"काठी घिऊन कोन बसनार, तेवढं जगाला इचार, निशा."